जरा सरकून बसा

अन्न गरम पोचायला हवं होतं. प्रश्न एवढाच होता, आणि चिलेक्वाबाईंच्या मते तो उष्णतेचा प्रश्न होता, म्हणजे सुटण्यासारखा.

लग्नाआधी मुलीकडच्या बायकांनी स्वयंपाक करायचा, भांडी कापडात बांधून डोक्यावर घ्यायची, गात गात नवऱ्या मुलाच्या दारी जायचं आणि एकेक झाकण उघडून त्याला दाखवायचं, की बाबा, आजपासून आमच्या चुलीवरचं तुला चालतं. बेम्बा लोकांत याला 'आग दाखवणं' म्हणतात. आता आग दाखवायची म्हटल्यावर न्शिमाच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीच्या, झाकणाखालून वाफ नको का निघायला? मुलाच्या आत्यानं, बाना चोलानं, तसा निरोपच धाडला होता. "आमच्या थोरल्या पुतण्याच्या वेळी एका शहरातल्या मुलीकडून थंडगार न्शिमा आला. आम्ही झाकण लावून परत पाठवला. मुलगीही राहू दे म्हटलं." आणि मग, सहज आठवल्यासारखं करून, "तुमच्याकडून माणसं किती येणार? तुम्हाला म्हणे कुणी नाहीच."

पहिल्या वाक्यानं चिलेक्वाबाई कामाला लागल्या. दुसऱ्यानं त्यांची झोप गेली, कारण ते खरं होतं. आईवडील राहिले नव्हते, भाऊ दूर दक्षिणेला स्थायिक झालेले, आणि नवऱ्याकडच्यांशी एका शिवणयंत्रावरून बोलणं बंद. आग दाखवायला जमत होत्या त्या चार बायका: त्या स्वतः, शेजारची बाना कलुम्बा, सम्पाला संसाराचं शिक्षण देणारी म्हातारी, आणि चर्चमधली एक दणकट आवाजाची बाई. सम्पा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्यामुळे सगळं लुफुम्बू गाव चिलेक्वाबाईंना 'बाना सम्पा', म्हणजे सम्पाची आई, म्हणूनच ओळखायचं. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्या मुख्य रसायनतज्ज्ञ आहेत, हे फक्त दारावरच्या पाटीला माहीत होतं.

मुलाचं गाव कासाका. मिनीबसनं गेलं तर रस्त्यातल्या खड्ड्यांमुळे शेंगदाण्याच्या कुटातली भाजी आपल्या आणि शेजाऱ्याच्या मांडीवर पोचायची, म्हणून आगगाडीनं जायचं ठरलं. गाडी सकाळची, चांगली, बसायला बाकं. फक्त शेवटच्या टप्प्यात, चिसेंगा ते कासाका, तिला काय व्हायचं कोण जाणे. नकाशावर ते अंतर बोटाच्या पेराएवढं होतं, जमीन सपाट, रूळ सरळ, आणि वेळापत्रकात मात्र त्या पेराला बाकी सगळ्या हाताएवढा वेळ दिलेला.

शेजारपाजार सल्ले द्यायला आला. कुणी म्हणालं भांड्याखाली तापलेल्या विटा ठेवा. कुणी म्हणालं डब्यातच शेगडी पेटवा, गार्डाला कोंबडीचा पाय द्या. बाशी सम्पा, म्हणजे चिलेक्वाबाईंचे यजमान, विमा कंपनीत होते. त्यांनी वर्तमानपत्रावरून मान वर न करता सांगितलं, "अन्न निवणं हा नैसर्गिक ऱ्हास झाला. त्याला संरक्षण मिळत नाही."

चिलेक्वाबाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. त्यांनी चाचणी घेतली.

म्हणजे असं, की समारंभाच्या बऱ्याच आधी एका सकाळी त्या न्शिमाचा एक मोठा गोळा भांड्यात घालून, भांडं दोन ब्लँकेटांत गुंडाळून, झाकणाला भोक पाडून त्यातून प्रयोगशाळेचा थर्मामीटर खोचून गाडीत बसल्या. एका सभ्य बाईनं ब्लँकेटातल्या भांड्याचा ताप बघत बसावं, हे दृश्य बाकी लोकांना काही रोज दिसत नसावं. समोरच्या बाकावर कोंबड्यांची टोपली घेतलेली एक बाई होती. तिनं विचारलं, "आजारी आहे का?"

"न्शिमा आहे," चिलेक्वाबाई म्हणाल्या.

"बरा होईल," ती बाई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

चिसेंग्यापर्यंत पारा समाधानकारक होता. पुढे गाडी हळू झाली. मग आणखी हळू, इतकी की रुळांकडेनं चाललेली एक शेळी पुढे निघून गेली. बाहेर कोरडं गवत आणि घराएवढी मुंग्यांची वारुळं. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या, लालभडक वारुळापाशी गाडी थांबली. स्टेशन नव्हतं, पाटी नव्हती, वाट नव्हती. भर उजेड होता आणि कुठेही कुणीही नव्हतं.

डब्यातलं बोलणं बंद पडलं. कुणी गप्प बसा म्हटलं नव्हतं. घड्याळाची चावी संपावी तसं ते थांबलं. आणि मग सगळे लोक सरकले. बाकाबाकांवर प्रत्येकानं अंग चोरलं, गाठोडी मांडीवर घेतली, पोरांना कडेवर घेतलं. चौघं दोघांच्या जागेत मावली आणि मधे जागा झाली.

"बाई, भांडं मांडीवर घ्या," कोंबडीवाली हळूच म्हणाली.

"कशाला? भरपूर जागा आहे की."

"आहे ना. म्हणूनच म्हणते."

चिलेक्वाबाईंनी भांडं हलवलं नाही. तिकीट काढलेल्या माणसाला रिकाम्या जागेवर सामान ठेवण्याचा हक्क असतो, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते नियमाला धरून होतं. गाडी निघाली. त्यांनी पाऱ्याकडे पाहिलं. तो उतरत होता. हळूहळू नव्हे, कुणी खालच्या मजल्यावरून हाक मारावी आणि मूल जिन्यावरून धावत यावं तसा. खिडक्या बंद होत्या. वारा नव्हता. टोपलीतल्या कोंबड्यांनी माना पंखांत घातल्या होत्या.

बऱ्याच वेळानं गाडी एका वाळक्या, वीज पडून फाटलेल्या झाडाशी पुन्हा थांबली. थोडी थांबून निघाली, तशी माणसं पसरली, पाय लांब झाले, आणि एक गृहस्थ "तर मग मेव्हणा म्हणाला," असं म्हणत मगाशी तोडलेल्या वाक्यातच पुन्हा शिरले.

कासाकाला उतरून चिलेक्वाबाईंनी झाकण काढलं. न्शिमा गार होता. आणि गोळ्याच्या कडेचा एक घास नव्हता. चिमटीनं घेऊन मुठीत वळावा तसा, नीट, बोटांच्या खुणांसकट.

त्यांनी कोंबडीवालीवर संशय घेतला. शास्त्रीय मनाला आधी जवळचं कारण शोधावं लागतं.

मग सुरू झाली ती दारोदारची फिरती. कासाकाच्या स्टेशनमास्तरनं सांगितलं, तिथे पूल कच्चा आहे म्हणून गाडी हळू जाते. चिलेक्वाबाई म्हणाल्या, तिथे नदीच नाही. "हो ना," तो म्हणाला, "म्हणून तर पूल काढून टाकला." रुळांच्या कचेरीत सांगितलं, रूळ ठणठणीत आहेत, आम्ही वेळापत्रकाप्रमाणे हळू जाऊ देतो. वेळापत्रकाच्या कचेरीत सांगितलं, रुळांवर गाडी हळू जाते म्हणून आम्ही तसं छापतो. तिथल्याच एका हुशार कारकुनानं मात्र खरोखरचं कारण दिलं. गाडीला वाटेत कुठे ना कुठे उशीर होतो. तो भरून काढायला शेवटच्या टप्प्यात जास्तीचा वेळ पेरलेला असतो. मग ती शेवटच्या स्टेशनात वेळेवर पोचते आणि वरिष्ठ खूश राहतात.

"पण उशीर झालेला नसला तरी ती तेवढीच हळू जाते," चिलेक्वाबाई म्हणाल्या.

"मग उरलेल्या वेळाचं करायचं काय, बाई? तो कुठेतरी घालवायला नको?"

एवढ्या पायपिटीनंतर त्या घरी आल्या आणि प्रयोगशाळेतल्या पदाचा उल्लेख करून आपण तीनदा कार्ड दिलं, तरी सगळ्यांनी आपल्याला 'आई' म्हटलं, हे त्यांनी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "वाईट झालं."

बाना कलुम्बा कुंपणावरून ऐकत होती. ती म्हणाली, "वेळापत्रकाचा मोठा साहेब कोण?"

"मासेको म्हणून कुणी आहे."

"म्हणजे न्गोनी. मग कार्ड कसली देता, बाना सम्पा? जेवणाचा डबा उचला त्याचा."

हे इतकं उघड होतं की चिलेक्वाबाईंना सुचलं नव्हतं. बेम्बा आणि न्गोनी हे थट्टेचे भाऊबंद. पूर्वी एकमेकांची डोकी फोडली, त्याची भरपाई आता जन्मभर एकमेकांची टोपी उडवून करायची. बेम्बानं न्गोनीला उंदीरखाऊ म्हणायचं, न्गोनीनं बेम्बाला माकडखाऊ. न्गोनी माणसानं काही अडवलं तर बेम्बानं त्याची एखादी वस्तू उचलावी आणि बसावं; त्याला रागावता येत नाही. मयतीतसुद्धा हेच. बेम्बाच्या घरी कुणी गेलं की न्गोनी शेजारी येऊन प्रेताला 'ऊठ रे आळशा' म्हणणार, आणि तिरडीचं, मातीचं सगळं कामही तोच करणार. चिलेक्वाबाईंनी मात्र आयुष्यात कुणाची थट्टा केली नव्हती. त्यांच्या स्वभावात ते खातंच नव्हतं.

तरी गेल्या. मासेकोसाहेब उंच, वाळके, दुःखी चेहऱ्याचे होते. चिलेक्वाबाईंनी नमस्कार केला, टेबलावरचा त्यांचा जेवणाचा डबा उचलला, समोरच्या खुर्चीत बसून तो मांडीवर घट्ट धरला आणि आदल्या रात्री पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "उंदीर आहेत का आत?"

साहेबांचा चेहरा उजळला. "माकडं परवडत नाहीत हो, तुम्ही सगळी खाल्लीत. बोला, ताई."

त्यांनी सांगितलं. ते ऐकताना साहेबांचं हसू थोडं कमी झालं. "चिसेंगा ते कासाका," ते म्हणाले. "तिथे लोक चढतात-उतरतात. वारुळाशी चढतात, झाडाशी उतरतात. परतीच्या गाडीला उलटं. म्हातारे आहेत, वेळ लागतो."

"कोण लोक? तिथे चिटपाखरू नाही."

"रूळ टाकणारे. वारुळाशी त्यांची वस्ती होती. रोज वाळक्या झाडापर्यंत कामाला जायचे, तिथवरच रूळ झाले होते. त्यांना कबूल केलं होतं की काम पुरं झालं की पहिल्या गाडीत तुम्हीच बसायचं, कासाकाला जायचं, आणि तिथे मोठं जेवण. मग साथ आली. गाडीचं मागाहून जमलं, आमच्या आधीच्यांनी वेळ काढून दिला. जेवणाचं तेवढं राहिलं."

चिलेक्वाबाई हसल्या. न्गोनी माणूस मेलेल्यांवरून थट्टा करणार, हे तर ठरलेलंच. आणि ती ऐकून न हसणं म्हणजे उद्धटपणा.

"छान," त्या म्हणाल्या. "पण माझा न्शिमा निवतो."

मासेकोसाहेबांनी डब्याकडे पाहिलं. दुपार होत आली होती. "एका शनिवारपुरतं करतो. ड्रायव्हर वारुळाशी थांबल्यावाचून राहणार नाही, ते त्याच्या हातातच बसलंय. पण तिथून पुढे पूर्ण वेगानं सोडायला सांगतो, झाडाशी न थांबता. मात्र मला सांगा, ताई, मग ते लोक उतरणार कुठे?"

इथे चिलेक्वाबाईंच्या अंगात वारं शिरलं. थट्टा आपल्यालाही जमते, असं त्यांना आयुष्यात प्रथमच वाटत होतं.

"उतरू देत की कासाकाला," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीची आग दाखवायची आहे. जेवायलाच या म्हणावं सगळ्यांना."

त्यांना वाटलं, साहेब खो खो हसतील. साहेब हसले नाहीत. त्यांनी हात पुढे करून डबा मागितला आणि तो उघडून न जेवताच बंद केला.

"बेम्बा लोकांना," ते म्हणाले, "थट्टा कुठे थांबवायची ते कधी कळलं नाही."

यालाही चिलेक्वाबाई हसल्या.

शनिवारी चारही बायका पहाटेपासून राबल्या. न्शिमा, अख्ख्या गावठी कोंबड्या, सुकी मासळी, शेंगदाण्यातली भोपळ्याची पानं, परतलेल्या अळ्या, घागरभर मुन्कोयो हे मक्याचं गोड पेय. बाना चोलाकडची माणसं मोजून, वर निम्मं जास्त. गाडी वारुळाशी थांबली, सगळे सरकले. या वेळी चिलेक्वाबाईंनी भांडी बायकांच्या मांडीवर दिली. घासाचा अनुभव होता.

मग गाडी सुटली, आणि सुटलीच. डब्यातले लोक एकमेकांकडे पाहू लागले. वाळकं झाड आलं आणि खिडकीतून मागे गेलं. कोंबडीवालीनं कपाळाला हात लावला. झाड गेल्यावर माणसं पसरतील, म्हणून चिलेक्वाबाई वाट पाहत होत्या. कुणीही पसरलं नाही. कासाका येईपर्यंत सगळा डबा तसाच अंग चोरून, गप्प, आपापल्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत बसून राहिला. स्टेशन आल्यावरही कुणी उठेना. दार उघडं, गाडी उभी, आणि लोक थांबलेले, जसे वडीलधारे आधी उतरेपर्यंत थांबतात. बऱ्याच वेळानं कोंबडीवाली म्हणाली, "हं, आता आपण."

चिलेक्वाबाईंनी पारा पाहिला. उत्तम होता. बाकीच्या गोष्टींसाठी त्यांच्याकडे उपकरण नव्हतं.

चौघी डोक्यावर भांडी घेऊन गात निघाल्या. चर्चमधल्या बाईनं सूर लावला, तिघींनी उचलला. दुसऱ्या कडव्याला चर्चमधली बाई मधेच थांबली आणि मागे वळून पाहू लागली. रस्ता मोकळा होता. धूळ मात्र उडत होती, चार बायकांच्या पायांना उडते त्याहून बरीच जास्त.

"काय झालं?" बाना कलुम्बानं विचारलं.

"काही नाही. खालचा सूर चांगला लागतोय."

"आपल्यात खालचा सूर कोण म्हणतंय?"

"तेच बघत होते," ती बाई म्हणाली, आणि नंतर फार मोठ्यानं गाऊ लागली.

बाना चोला अंगणात उभी होती, हात कमरेवर. चिलेक्वाबाईंनी गुडघे टेकून पहिलं झाकण काढलं. वाफ सरळ बाना चोलाच्या तोंडावर गेली, चष्मा पांढरा झाला. तिनं चष्मा पुसला, घातला, आणि चिलेक्वाबाईंच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग तिचा चेहरा बदलला.

"अहो बाना सम्पा, पुरुषमाणसांना असं फाटकाशी काय उभं ठेवलंत? आमची काही रीत आहे की नाही? पोरींनो, आंब्याखाली चटया टाका. पाणी द्या हात धुवायला."

चिलेक्वाबाईंनी मागे पाहिलं नाही. प्रयोगशाळेत त्या नव्या मुलींना सांगायच्या, जे पाहायची तयारी नाही ते मोजायला घेऊ नये. त्यांनी दुसरं झाकण काढलं.

नवऱ्या मुलानं खाल्लं, त्याच्या मित्रांनी खाल्लं. आंब्याकडे भरलेली ताटं जात होती आणि रिकामी येत होती. निम्मं जास्तीचं केलेलं अन्न संपलं. अळ्या संपल्या. घागर उपडी केली तर थेंब पडला नाही. बाना कलुम्बा कानाशी लागली, "आंब्याखाली तर कुणी नाही." चिलेक्वाबाई म्हणाल्या, "तू भांडी गोळा कर."

शेवटी बाना चोला येऊन शेजारी बसली. एकेक रिकामं भांडं उचलून आत पाहू लागली. चिलेक्वाबाईंना वाटलं, संपलं. सम्पाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

"मी तुम्हाला फार टोचून बोलले," बाना चोला म्हणाली. "म्हटलं, शहरातली माणसं, मुलीच्या मागे उभं राहायला कुणी नसेल. उद्या भांडण झालं तर पोरीनं जायचं कुणाकडे? आणि तुम्ही हे एवढे म्हातारे घेऊन आलात. काय शिस्त. ओळीनं बसले, न बोलता जेवले, ताटात शीत ठेवलं नाही. फार दिवसांचे उपाशी असल्यासारखे जेवले, पण मर्यादेनं. कोणत्या बाजूचे तुमचे?"

चिलेक्वाबाई खोटं बोलत नसत. "रेल्वेकडचे," त्या म्हणाल्या.

"मुलगी आमची झाली. पण लग्नाला ते सगळे हवेत हं. एकही कमी नको."

"येतील," चिलेक्वाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

दुपारच्या परतीच्या गाडीला फलाटावर मासेकोसाहेब उभे होते, टोपी हातात. "जेवले?" त्यांनी विचारलं. चिलेक्वाबाईंनी मान हलवली. साहेब त्यांच्याच डब्यात बसले. जागा कमीच होती. लोक आधीपासून सरकलेले होते.

लाल वारुळाशी गाडी थांबली. साहेब उठून दारापाशी गेले, आणि मयतीच्या घरी न्गोनी भाऊबंद ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात म्हणाले, "चला, उठा, फुकटे कुठले. बेम्बांच्या घरचं जेवण, आता पोट दुखेल तेव्हा माझ्याकडे येऊ नका. ए लंगड्या, सावकाश. कुणी ढकलत नाहीये. तुमच्यासाठी गाडी उभी आहे, आणखी काय पाहिजे?" त्यांचे डोळे पाणावले होते. ते बराच वेळ दार धरून उभे राहिले, एकेकाला उतरू देणाऱ्या माणसासारखे, आणि मग म्हणाले, "झालं."

माणसं पसरली. पाय लांब झाले. चिलेक्वाबाईंच्या शेजारचं बाक मोकळं झालं, आणि त्यांना त्या जागेची थोडी उणीव भासली.

"आता कायमचा वेग वाढवून हवा का, ताई?" साहेबांनी विचारलं. "अर्ज करा, माझी सही तयार आहे."

चिलेक्वाबाईंनी अर्ज केला. रीतसर, तीन प्रतींत, पदाच्या उल्लेखासह. चिसेंगा ते कासाका या टप्प्याला सध्या दिलेला वेळ अपुरा असून तो वाढवून मिळावा, कारण काही प्रवासी वयस्कर आहेत. रुळांच्या कचेरीनं तो वेळापत्रकाकडे पाठवला आणि वेळापत्रकानं रुळांकडे, पण सही मात्र झाली.

लग्नाची तारीख ठरली, तशी त्या एका सकाळी पुन्हा त्या गाडीत बसल्या. थर्मामीटर घरीच होता. वारुळाशी गाडी थांबली. बोलणं बंद पडलं. चिलेक्वाबाईंनी खिडकी वर केली, डोक्यावरून पदरासारखं कापड घेतलं, आणि डब्यातले सगळे ऐकत असताना, रिकाम्या गवताकडे पाहून, आपल्या प्रयोगशाळेतल्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या,

"पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी सम्पाचं लग्न आहे. आपण सर्वांनी यायचं. आम्हाला दुसरं कुणी नाही."

गवत हललं नाही. पण गाडी नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबली. ड्रायव्हरनं शिट्टी दिली नाही. कोंबडीवालीनं टोपली मांडीवर घेतली.

चिलेक्वाबाई न सांगता सरकल्या, आणि शेजारच्या जागेवरची धूळ हातानं झटकून म्हणाल्या, "बसा."